उंबऱ्याबाहेरचं पाणी

मावशींच्या घरी पाणी दोन ठिकाणी मिळत असे, दारापुढच्या ओट्यावर आणि आत. तांब्या तोच, रांजणही तोच. तरी ओट्यावर पाणी प्यायलेला माणूस आणि आत बसून पाणी प्यायलेला माणूस यांच्यात त्या फार मोठा फरक करायच्या.

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माजलगावच्या कॉलेजात नुकतीच रुजू झाले होते आणि धान्याच्या मोंढ्याजवळच्या लॉजवर राहून कंटाळले होते. कॉलेजातल्या शिपायानं पत्ता सांगितला. "कार्डवाली मावशी विचारा, कुणीबी दाखवील," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, बाई रेशन कार्डाची काही कामं करत असतील.

दार उघडं होतं. आतून आवाज आला, "कोन हाय?"

मी नाव सांगितलं.

"नाव कुनीबी सांगतंय. कार्ड हाय का?"

मी पर्समधून कॉलेजचं ओळखपत्र काढलं. एक उंच, सावळी, कपाळावर बारीक गोंदण असलेली बाई उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. हात लांब करून तिनं कार्ड घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"ह्यात तुमी बऱ्या दिसता," ती म्हणाली.

मग कार्ड परत देऊन त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी ओट्यावर टेकून पाणी प्यायले. खोलीचं बोलणं झालं. मी मांसमच्छी करते का, पाहुणे फार येतात का, रात्री दिवा किती वाजेपर्यंत जळतो, सगळं त्यांनी विचारलं. पुस्तकं वाचते म्हटल्यावर, "म्हंजे दिवा लई जळनार," असं स्वतःशीच म्हणाल्या. पसंत पडल्यावर "आता आत या" म्हणून मला आत चटईवर बसवलं आणि पुन्हा पाणी आणून दिलं.

"आत्ताच प्यायले मावशी."

"प्या. ते येगळं व्हतं, हे येगळं हाय."

काय वेगळं होतं, ते पुष्कळ दिवसांनी समजलं. एका रविवारी आम्ही अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मी सहज विचारलं. त्यांनी मला वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरीला सांगावं तसं सांगितलं.

"आत बसून पानी पेला की मानूस पावना झाला. पावन्याला मग न्हाई कसं म्हनायचं? त्यानं म्हनलं हे दाखवा, की दाखवावं लागतं. ते द्या म्हनला, की द्यावं लागतं. म्हनून सायबाला पानी भायेर. तहानलेला तर ठिवायचा न्हाई कुनाला. पर पावना करायचा न्हाई."

दारावर येणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्यांच्या हिशेबात साहेब होता. मतदार यादीवाला, पोलिओचा डोस पाजायला आलेल्या बाया, गॅसची नळी तपासणारा, पाणीपट्टीवाला, सगळ्यांना ओट्याच्या पायरीपाशी थांबून कार्ड दाखवावं लागे. एकदा गल्लीतलाच एक मास्तर कसल्या तरी सर्वेक्षणाला आला. लहानपणी याच अंगणातल्या बोरीला दगड मारून मोठा झालेला.

"मावशी, मला ओळखत न्हाई का तुमी?"

"तुला वळखते रे. तुझं काम वळखत न्हाई. कामाचं कार्ड दाखव."

गणपतीच्या वर्गणीला आलेल्या मंडळाच्या पोरांनाही त्या सोडायच्या नाहीत. पोरं हसून म्हणायची, "मावशी, गणपतीचं कार्ड कुठून आणावं?" त्या वर्गणी द्यायच्या, पाणी द्यायच्या, पण ओट्यावर.

या सगळ्याला त्यांनी कायद्याचाही आधार जोडून ठेवला होता. घरधनिणीला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावू नये असं एक कलम होतं. आलेल्या माणसानं चपला काढल्याशिवाय प्रश्न विचारू नये असं दुसरं. कलमांचे आकडे त्या दर वेळी वेगळे सांगत. मी पुस्तकात डोकं घालून बसणारी बाई, एकदा न राहवून म्हणाले, "मावशी, मी बघितलं. असं कलम कुठं नाहीये."

"तुमच्या पुस्तकात नसंल," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या घरात हाय."

घरात टीव्ही होता. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं दिवाळीत आणून दिलेला. तो त्यांनी पार आतल्या खोलीत, दारातून डोकावलं तरी दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला होता आणि वर भरतकामाचं झाकण. आवाज इतका बारीक, की बातम्या देणारी बाई त्यांच्या कानात काही गुपित सांगते आहे असं वाटे. डिश बसवायला माणूस आला तेव्हा मोठाच वाद झाला. त्याला गच्चीच्या पुढच्या कठड्यावर डिश लावायची होती. मावशींना ती मागच्या बाजूला, कडुलिंबाच्या आड हवी होती.

"मावशी, झाडाच्या आड चित्र यायचं न्हाई. सॅटेलाइटला दिसायला पायजे ना डिश."

"त्याला दिसू दे. गल्लीला कावून दिसायला पायजे?"

शेवटी डिश मागेच लागली. वारा सुटला आणि लिंब हलला, की पडद्यावरची माणसं चौकोनाचौकोनांनी तुटायची. मावशी तेवढा वेळ डोळे मिटून बसायच्या आणि वारा पडला की परत उघडायच्या.

उंबऱ्याच्या आत पाणी एकाच अनोळखी माणसाला मिळाल्याचं मी पाहिलं आहे. तो बहुरूपी होता. आमच्याकडे सुगी झाल्यावर बहुरूपी येतात. अंगात खाकी शर्ट, कमरेला पट्टा, हातात वेताची काठी. दारात उभं राहून 'तुमच्या नावाचं वॉरंट हाय, दोन नवरे करून पळून आलात' असलं काहीतरी मोठ्यानं बोलतात. गल्लीतली पोरं हसतात आणि लोक पसा-कुडता धान्य घालतात. हा आला तो थेट मावशींच्याच दारात.

"चला बाई ठाण्यात! सायबानं बोलावलंय!"

"कार्ड दाखव."

गडी गडबडला. त्याच्या आयुष्यात त्याला असं कुणी विचारलं नसावं. काठी खाली करून तो हळूच म्हणाला, "माय, मी खोटा सायेब हाय."

मावशी त्याच्याकडं बघत राहिल्या. मग बाजूला सरकल्या. "ये, आत ये," म्हणाल्या. त्याला चटईवर बसवून पाणी दिलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. तो गेल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "एवढ्या वर्सात ह्यो एकटाच खरं बोलला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढच्या खोलीत शोभा राहायची. नवऱ्यानं टाकलेली, तिशीतली, शिवणकाम करणारी. मोटर लावलेलं शिलाई मशीन हीच तिची इस्टेट. मशीन सुरू असलं की आमच्या सगळ्या घराला एक बारीक घरघर असायची आणि ती थांबली की मावशी आतून विचारायच्या, "दोरा तुटला का गं?"

लग्नसराई होती. शोभाकडे एका नवरीचे ब्लाउज आले होते आणि लग्न दोन दिवसांवर. त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी वीज कंपनीची गाडी थांबली. आकडे टाकणारे आणि मीटरमध्ये गडबड करणारे पकडायला पथक आलं होतं. कुणीतरी शोभाच्या डोक्यात भरवलं होतं की घरगुती मीटरवर शिलाई मशीन चालवणं हा गुन्हा आहे, मशीन उचलून नेतात. ती पांढरी पडली. वायर काढून मशीन पलंगाखाली ढकलायला लागली.

मावशी तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय करतीस?"

"मशीन नेतील मावशी. मग मी काय खाऊ?"

"चोरी केलीस का?"

"न्हाई ओ."

"मग हाय तिथं राहू दे. लपवलं की चोरी व्हती."

एवढं बोलून त्या घराच्या दाराशी गेल्या. पथकातली माणसं ओट्यापाशी आलीच होती. पुढे एक चाळिशीतले, जाडजूड, घामानं निथळणारे साहेब होते. त्यांचं नाव कदम, हे आम्हाला त्यांच्या कार्डावरून कळलं, कारण मावशींनी ते मोठ्यानं वाचलं. बाकीच्यांनीही कार्डं काढली. एक तरुण मात्र म्हणाला की त्याचं कार्ड गाडीत आहे.

"ज्याचं कार्ड गाडीत, त्यानं गाडीत बसावं."

त्याच्याच जोडीदारांना हसू आलं. मावशींनी तांब्या आणला, सगळ्यांना ओट्यावर पाणी दिलं, त्या पोरालाही. पाणी पिऊन झाल्यावर कदम म्हणाले, "चला मावशी, आत मीटर आणि जोडणी बघू द्या."

"दिवेलागन झाली."

"दोनच मिनिटं."

"दिवा लावायच्या टायमाला परका गडी उंबरा वलांडत न्हाई. सकाळी या."

"सरकारी काम आहे आजी, अडवता येत नाही," असं म्हणत त्या तरुणानं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकलाच.

"पाय मागं घे आधी. मग बोल."

त्यानं पाय घेतला नाही. अडथळा आणला म्हणून गुन्हा दाखल करू, खांबावरून लाइन आत्ताच्या आत्ता कापू, असं काहीबाही तो बोलत होता. गल्ली जमली होती. माझ्या मागं शोभा मुसमुसत होती. मावशींचा आवाज जराही चढला नाही, पण मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून ठेवलेली मला दिसली. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुणाला भिताना पाहिलं नव्हतं.

कदमांनी वर पाहिलं. आभाळात उजेड उरला नव्हता. त्यांनी विचारलं, "घरात पुरुष माणूस कोण आहे?"

"कुनी न्हाई. आमी तिघी."

"चल रे," ते त्या पोराला म्हणाले. "सकाळी येऊ."

"साहेब, तोवर सगळं काढून ठेवतील ह्या."

"काय काढून ठिवतील?" मावशी म्हणाल्या. "इस्वास नसंल तर बस ओट्यावर सकाळपतूर. पानी देते."

ते गेले. मावशींनी देवापाशी दिवा लावला. काडी दोन-तीनदा विझली, तेव्हा मी काडेपेटी त्यांच्या हातातून घेतली.

आमच्या कॉलेजात कायदा शिकवणारे एक सहकारी होते, त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, खरंच तशी तरतूद आहे. सूर्य मावळल्यावर राहत्या घराची तपासणी करायची असेल तर घरातला प्रौढ पुरुष हजर लागतो; म्हणून ते परत गेले असणार. मला फार आनंद झाला. मावशींचं एक तरी कलम पुस्तकात निघालं होतं. जेवताना मी त्यांना ते सांगितलं.

त्यांनी घास हातात धरला. "पुरुषच कावून?"

"म्हणजे बायकांना त्रास होऊ नये म्हणून—"

"बाई घरात आसली तर ती हजर न्हाई का? मी हाय की. माझं घर हाय. मी दारात हुबी हाय. अन् सरकार म्हनतंय घरात कुनीच न्हाई." त्यांनी घास परत ताटात ठेवला. "म्हंजे सरकारबी त्यांच्यासारखंच निगालं."

'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते मी विचारलं नाही. त्यांची नजर भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे गेली होती.

सकाळी उजाडता उजाडता कदम आणि त्यांची माणसं आली. मावशी अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा सगळ्यांची कार्डं पाहिली. कालच्या पोरानं स्वतःचं सगळ्यात आधी पुढे केलं.

"आता या आत," त्या म्हणाल्या. "पुरुष आजबी न्हाई घरात. पर मी हाय. चालंल का?"

"तुम्ही असल्यावर चाललंच पाहिजे मावशी," कदम म्हणाले.

काही निघालं नाही. मीटर नीट होतं, जोडणी नीट होती. कदमांनी शोभाचं मशीन पाहिलं आणि तिला सांगितलं की घरात बसून एवढंसं शिवायला घरगुती मीटर चालतं, कुणाचं ऐकून घाबरू नका. शोभा त्यांच्या पाया पडायला वाकली तसे ते दोन पावलं मागं सरले. जाताना मावशींनी त्यांना परत ओट्यावर उभं करून पाणी दिलं.

"आता तर आत जाऊन आलो मावशी. तरी पाणी बाहेरच?"

"नोकरी सोडल्यावर ये. आत देईन."

पुढची काही वर्षं कदम माजलगावात होते. मीटर बदलायला, बिलाच्या तक्रारीला, कधी नुसतेच जाता जाता, यायचे. पायरीपाशी आले की न मागता कार्ड काढून दाराकडे धरायचे. पाणी प्यायचे. "किती राहिली नोकरी?" मावशी विचारायच्या. "बरीच आहे अजून," ते म्हणायचे. हे दोघांचं ठरलेलं झालं होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळनंतरच्या दुपारचं. शोभाचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं. मावशी आडव्या झाल्या होत्या. मी पाय दाबू का विचारलं तर नको म्हणाल्या, आणि मग छताकडे बघत आपणहून बोलायला लागल्या.

त्यांचं सासर तलवाड्याचं. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. यजमानांनी कापसाच्या पैशातून औरंगाबादहून टीव्ही आणला, काळा-पांढरा, लाकडी पेटीतला. वाड्या-वस्त्यांवरून लोक बघायला येत. एका दुपारी सगळे शेतात आणि घरी या एकट्या. थोरला पोटात होता. दारात एक माणूस आला. पांढरा सदरा, खिशाला पेन, काखेत कातडी पिशवी. म्हणाला, टीव्हीचं लायसन दाखवा. यांना लायसन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, बरं, पाणी तरी द्या.

"उन्हाचा आलता," मावशी म्हणाल्या. "आमच्यात उन्हाचा आलेला मानूस दारात हुबा ठिवीत न्हाईत. म्हनलं, आत या. बसवलं. पानी दिलं, वर गूळ दिला. मग तो म्हनला, लायसन न्हाई तवर टीव्ही हापिसात न्यावा लागंल. मालकाला म्हनावं, लायसन काढून घिऊन जा. आता घरात बसून पानी पेलेल्या मानसाला न्हाई कसं म्हनू? मीच धरू लागले. काच फुटू न्हाई म्हनून माझ्या आयची गोधडी गुंडाळून दिली. जीपात ठिवताना म्हनलं, हळू न्या हं दादा."

मशीनची घरघर थांबली, परत सुरू झाली.

"मग?"

"मग काय. ह्यांनी लायसन काढलेलंच न्हवतं. काढावं लागतं, एवढं कानावर हुतं. हापिसात गेलं की आधी ह्यांनाच धरतील, दंड करतील, म्हनून गेलेच न्हाईत. टीव्ही गेला तो गेला. सासूबाई मरस्तवर म्हनायच्या, हिनं दिला, सोताच्या हातानं बांधून दिला." त्या कुशीवर वळल्या. "हे कदी बोलले न्हाईत. एक शबूद न्हाई. फकस्त, त्या दिसापास्नं दारात कुनी आलं की मी उठले तर म्हनायचे, 'थांब, मी बघतो.' पेपरवाला आला तरी. बाया आल्या तरी. 'थांब, मी बघतो.' हे जास्तोवर मी माझं दार कदी उघडलं न्हाई."

काल विझलेल्या त्या काड्या मला आठवल्या.

त्या म्हणाल्या, "टीव्हीचं जाऊ द्या हो. गोधडी आयची हुती."

माझ्या मनात एक हिशेब चालला होता आणि तो त्यांना सांगावा की नाही ते कळत नव्हतं. आमच्या घरी रेडिओ होता. त्याचं लायसनचं पुस्तक वडील दर वर्षी पोस्टात नेऊन त्यावर शिक्का आणायचे. मी पहिलीत असताना एक दिवस त्यांनी ते पुस्तक मला चित्रं काढायला दिलं. म्हणाले, आता रेडिओलाही लायसन नको आणि टीव्हीलाही नको, सरकारनं बंद केलं. मी त्यातल्या कोऱ्या पानांवर घरं काढली होती, म्हणून मला ते पक्कं आठवतं. आणि मावशींचा थोरला माझ्याहून चांगला आठ-नऊ वर्षांनी लहान होता.

मी सांगितलं. अडखळत सांगितलं. तो माणूस आला तेव्हा लायसन नावाची गोष्टच उरलेली नव्हती. तो कुठल्याच ऑफिसातून आला नव्हता. तुमचे यजमान त्याच दिवशी पोलिसांत गेले असते तरी त्यांना कुणी काही म्हटलं नसतं.

मावशी उठून बसल्या. पदर सारखा केला. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. इतकी वर्षं उरावर वागवलेलं ओझं उतरेल, असं काहीतरी. त्या फोटोकडे बघत होत्या.

"म्हंजे त्यांचंबी चुकलं," त्या म्हणाल्या.

मीही फोटोकडे पाहिलं.

"बरं झालं ते गेले आदीच. त्यांना लई लागलं असतं."

मग त्या उठल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मागच्या थंडीत मावशींचा दमा वाढला. थोरला येऊन गेला, पुण्याला चला म्हणाला, त्या गेल्या नाहीत. त्यांची खाट मधल्या खोलीत होती. तिथून दार दिसत नव्हतं, त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. पायरीवर पाय वाजला की त्या कोपरावर उठायला बघायच्या. एकदा अशाच उठायला लागल्या आणि खोकल्याची उबळ आली. मी धावत जाऊन पाठीला हात लावला. बाहेर कुणीतरी कडी वाजवतच होतं. उबळ ओसरल्यावर त्या उशीवर टेकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मॅडम, तुमी बघा."

मी बाहेर गेले. दूधवाला होता. परत आले तर त्यांनी विचारलं, "कोन हुतं?" मी सांगितलं. "कार्ड बघितलं?" मी म्हणाले, "मावशी, आपला नेहमीचा दूधवाला." त्या तशाही अवस्थेत हसल्या.

त्यानंतर दार माझ्याकडे आलं. थोडे दिवस त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, कोण होतं, काय म्हणाला, पाणी कुठं दिलं. मी सगळं सांगायचे. मग हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. दार वाजलं की माझ्याकडे नुसतं बघायच्या आणि मी उठले की डोळे मिटून घ्यायच्या. फेब्रुवारी संपता संपता, सकाळच्या वेळी, शोभा त्यांची वेणी घालत असताना त्या गेल्या.

तेराव्याला घर भरलं आणि दुसऱ्या दिवशी रिकामं झालं. थोरला सामानसुमानाचं बघायला मोंढ्यात गेला होता. घर विकणार नाही, तुम्ही दोघी राहा, असं तो म्हणाला होता. शोभानं त्या दुपारी पहिल्यांदा मशीनवरचं कापड काढलं. मी मधल्या खोलीत खाटेपाशी बसले होते. पुस्तक उघडलं होतं, पण वाचत नव्हते.

पायरीवर पाय वाजला.

"कोण आहे?" मी आतूनच विचारलं.

उत्तर आलं नाही, म्हणून उठून गेले. कदम होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बदली कडा गावी झाली होती, तेव्हापासून भेट नव्हती. साधा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी. केस पिकले होते. उंबऱ्यापासून हातभर लांब, नेहमीच्या जागी उभे होते.

"काल कळलं," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं निघालो."

मी मान हलवली. त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला आणि रिकाम्या खिशावर थांबला.

"कार्ड नाही आणलं मॅडम," ते म्हणाले. "घरी ठेवून आलोय. मुद्दाम." मग ओट्याच्या फरशीकडे बघत म्हणाले, "नोकरी अजून आहे म्हणा. बरीच आहे."

ते ओट्यावर, खांबाला टेकून बसले. मी आत जाऊन रांजणातून तांब्या भरला. दाराशी आले तसा त्यांनी सवयीनं बसल्या जागेवरून हात पुढे केला.

मी उंबऱ्याच्या आतच थांबले. "आत या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठले. चपला काढून पायरीच्या कडेला नीट लावून ठेवल्या. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि आत आले. पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. मी चटई झटकून अंथरली. ते बसले, आणि मग मी त्यांना पाणी दिलं.